सिनोप, १८५३: स्फोटक गोळे आणि नांगराचा दोर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ३० नोव्हेंबर १८५३ रोजी सिनोपच्या बंदरात रशियन आरमाराने तुर्की आरमाराचा धुव्वा उडवला, तो नव्या स्फोटक गोळ्यांच्या जोरावर, असं जिकडेतिकडे वाचायला मिळतं. ते कितपत खरं? रशियाचं एकही जहाज कसं बुडालं नाही? आणि तुर्की आरमाराचे प्रमुख उस्मान पाशा यांना यातून सुटायला काही वाट होती का?

स्फोटक गोळ्यांनी तुर्की जहाजं पेटली, हे खरंच आहे. पण त्या दिवशी कोण जिंकणार हे गोळ्यांवर अवलंबून नव्हतं. ते ठरलं तुर्की जहाजं कुठे आणि कशी उभी होती यावर, आणि रशियन जहाजांनी नांगर कसा टाकला यावर. लोकांना तोफांबद्दल वाचायला आवडतं, दोरखंडांबद्दल नाही, म्हणून दुसरी गोष्ट बहुतेक लेखांत एका वाक्यात उरकलेली असते. इथे मी तिच्यावरच जास्त लिहिणार आहे.

आधी बलाबल. रशियाच्या बाजूने व्हाइस ॲडमिरल पावेल नाखिमोव यांच्या हाताखाली सहा मोठ्या युद्धनौका होत्या. ‘पारिझ’, ‘त्री स्व्यातितेल्या’ आणि ‘वेलिकी क्न्याझ कोन्स्तान्तिन’ या प्रत्येकी १२० तोफांच्या. ‘इम्पेरात्रित्सा मारिया’ (हीच नाखिमोवची ध्वजनौका), ‘चेस्मा’ आणि ‘रोस्तिस्लाव’ या प्रत्येकी ८४ तोफांच्या. शिवाय ‘कागुल’ आणि ‘कुलेवची’ ही दोन फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धजहाजं. उस्मान पाशाकडे सात फ्रिगेट, तीन कॉर्व्हेट (फ्रिगेटहून लहान जहाजं) आणि दोन आगबोटी होत्या, आणि किनाऱ्यावर काही तोफखाने. म्हणजे एका बाजूला दोन-तीन मजली तोफांची जहाजं, दुसऱ्या बाजूला जवळजवळ सगळी एकमजली. तुर्की तोफा मुख्यतः २४ पौंडी (म्हणजे २४ पौंड वजनाचा गोळा टाकणाऱ्या) आणि त्याहून हलक्या, तर रशियन जहाजांच्या खालच्या मजल्यांवर ३६ पौंडी आणि काही ६८ पौंडी. स्फोटक गोळे बाजूला ठेवले तरी ही जोड मुळात बरोबरीची नव्हती.

आता जागा. सिनोप हे अनातोलियाच्या काळ्या समुद्राकडच्या किनाऱ्यावरचं बंदर, सेवास्तोपोलपासून सुमारे १७० सागरी मैलांवर. एक चिंचोळी पट्टी समुद्रात शिरते, पुढे रुंद होते आणि तिच्या दक्षिणेला बंदर तयार होतं. उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या वाऱ्यापासून पूर्ण आडोसा, म्हणून त्या किनाऱ्यावरचं हे सर्वांत चांगलं नैसर्गिक बंदर. पण ते आग्नेयेकडे उघडं आहे. हिवाळी वादळातून निसटून उस्मान पाशाने इथे आसरा घेतला, त्यात चूक काहीच नव्हती. मात्र लढाईच्या दिवशी वारा पूर्व-आग्नेयेचा होता, पाऊस होता, झोत येत होते. म्हणजे आत येणाऱ्याच्या पाठीवर वारा आणि आत असलेल्याच्या तोंडावर. तुर्की जहाजांनी नांगर तोडला तर ती समुद्राकडे जाणार नव्हती, किनाऱ्यावर चढणार होती. शिवाय काळ्या दारूचा धूरही वाऱ्याबरोबर त्यांच्याच दिशेने जाणार होता.

तुर्की जहाजं किनाऱ्याला समांतर चंद्रकोरीसारखी नांगरून उभी होती. अशा रांगेवर हल्ला करणाऱ्या शिडाच्या जहाजापुढे एक अवघड गणित असतं. जहाजाच्या तोफा असतात दोन्ही कुशींना, म्हणजे बाजूंना. नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) आणि पिछाडीकडे मोजक्याच. त्यामुळे शत्रूकडे कूस करून स्थिर उभं राहायला हवं. पण नाळेवरून नांगर टाकला की जहाज वाऱ्याकडे तोंड करून फिरतं. सिनोपला पाठीवर वारा घेऊन आत शिरून सरळ नांगर टाकला असता तर प्रत्येक रशियन जहाज शत्रूच्या माऱ्याखाली अर्धा गरका मारत राहिलं असतं, आणि फिरताना त्याची पिछाडी, म्हणजे जहाजाचा सर्वांत कच्चा भाग, तुर्की तोफांसमोर आली असती. पिछाडीवरूनच नांगर टाकणं हा दुसरा उपाय, पण वेगात असलेल्या जड जहाजावर तो धोक्याचा.

नाखिमोवने लढाईच्या आदल्या दिवशी काढलेल्या लेखी हुकमात याचं उत्तर आकड्यांसकट दिलं आहे. नांगर टाकण्याआधीच त्याला दुसरा एक जाड दोर बांधून ठेवायचा आणि तो जहाजाच्या बाहेरून पिछाडीकडे नेऊन आत घ्यायचा. या दोराला खलाशी स्प्रिंग म्हणतात. पूर्वेचा किंवा पूर्व-ईशान्येचा वारा असेल तर स्प्रिंग ३० वाव ठेवायचा (एक वाव म्हणजे सुमारे ६ फूट) आणि नांगराची साखळी ६० वाव सोडायची. साखळीला हिसका बसला की आणखी १० वाव सैल करायची. मग साखळी ढिली पडते, सगळा ताण स्प्रिंगवर येतो आणि जहाज पिछाडी वाऱ्याकडे ठेवून तसंच उभं राहतं.

हे आकडे कुठून आले ते कागदावर काढून पाहा. ही जहाजं ६० मीटरच्या आसपास लांब, म्हणजे साधारण ३३ वाव. नांगर तळाला बसला आणि जहाज पुढे सरकत राहिलं की नाळ नांगरापासून ६० वावांवर पोचते, तेव्हा पिछाडी सुमारे ३० वावांवर असते. साखळी आणि स्प्रिंग यांच्या लांबीतला फरक म्हणजे जवळजवळ जहाजाचीच लांबी. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी ताणले जातात आणि वरची १० वाव साखळी सोडली की जहाज गरका न मारता थांबतं. पुढे कूस थोडी इकडेतिकडे वळवायची असेल तर रहाटावर स्प्रिंग आवळायचा किंवा सोडायचा. शिडं नकोत, सुकाणू नको. उभ्या जागी सगळ्या तोफा एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर नेता येतात.

बिघडतं कुठे? स्प्रिंग वेळेवर सोडला नाही, कुठे अडकला, किंवा साखळी आधीच जास्त गेली तर तो कुचकामी ठरतो. किंचित हयगय किंवा उशीर झाला तरी स्प्रिंगचा उपयोग राहत नाही, अशी ताकीद त्या हुकमातच आहे. दुसरं म्हणजे तो गोळ्याने तुटू शकतो. तुटला तर नवा नांगर होडीतून नेऊन टाकावा लागतो, म्हणून होड्या आधीच पाण्यात सोडून शत्रूच्या विरुद्ध बाजूला ठेवायच्या आणि एकीत छोटा नांगर व दोर तयार ठेवायचा, हेही कलम होतं.

त्याच हुकमातली आणखी एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दोन-चार फैरींनंतर धुरात समोरचं काही दिसत नाही. म्हणून पहिले बार नीट नेम धरून काढायचे, त्या वेळी तोफेच्या बुडाखालची लाकडी पाचर नेमकी कुठे होती ते बघायचं आणि तिच्या खालच्या लाकडी बैठकीवर खडूने ती खूण करून ठेवायची. पुढे शत्रू दिसो वा न दिसो, पाचर खुणेवर आणायची, तोफेची दिशा पहिल्या बारासारखी ठेवायची आणि भराभर मारा करत राहायचं. जहाज स्प्रिंगवर स्थिर असेल तरच ही युक्ती चालते. तरंगत्या, फिरत्या जहाजावर खडूच्या खुणेला काय अर्थ?

सकाळी साडेदहाच्या सुमारास सज्ज होण्याचा इशारा झाला आणि आरमार दोन रांगांनी आत शिरलं. उजव्या रांगेत ‘मारिया’, ‘कोन्स्तान्तिन’, ‘चेस्मा’. डाव्या रांगेत रिअर ॲडमिरल नोवोसिल्स्की यांची ‘पारिझ’, मागे ‘त्री स्व्यातितेल्या’ आणि ‘रोस्तिस्लाव’. एकामागे एक सहा जहाजं आणली असती तर शेवटचं जागेवर पोचेपर्यंत पहिल्याने एकट्याने मार खाल्ला असता. दोन रांगांमुळे हा वेळ निम्म्यावर आला. दोन्ही फ्रिगेट बाहेर शिडांवरच ठेवली, तुर्की आगबोटींवर नजर ठेवायला.

साडेबाराच्या सुमारास तुर्की ध्वजनौका ‘अवनिल्लाह’ने पहिली तोफ डागली. तुर्कांनी सुरुवातीला डोलकाठ्या आणि दोरखंडांवर नेम धरला. हिशेब उघड होता: नांगरण्याआधी खलाशी शिडं गुंडाळायला वर चढणार, तेव्हा माणसंही पडतील आणि कामही कोलमडेल. नाखिमोवने कोणाला वर पाठवलंच नाही. डेकवरूनच दोर ओढून शिडं आखडून घेतली. त्यामुळे पहिल्या फैरींनी दोर तुटले, काठ्या मोडल्या, पण माणसं वाचली. जहाजांचं अंगही बऱ्यापैकी वाचलं.

‘मारिया’ने ‘अवनिल्लाह’पासून चार-पाचशे मीटरवर नांगर टाकला. अर्ध्या तासात ‘अवनिल्लाह’ साखळी सोडून वाऱ्याबरोबर वाहत गेली आणि किनाऱ्याला लागली. मग ‘मारिया’च्या तोफा ‘फझलुल्लाह’वर वळल्या, तीही पेटून किनाऱ्यावर गेली. ‘कोन्स्तान्तिन’समोरची ‘नावेक-ई बहरी’ पंधरा-वीस मिनिटांत दारूखान्यासकट उडाली आणि तिचे अवशेष किनाऱ्यावरच्या तोफखान्यावर पडले. लगेच ‘कोन्स्तान्तिन’ स्प्रिंगवर वळली आणि पुढच्या दोन जहाजांवर मारा सुरू केला. ‘पारिझ’ने कॉर्व्हेट ‘गुल-ई सेफिद’ उडवली, ‘दमियात’ किनाऱ्यावर ढकलली, समोरून वाहत चाललेल्या ‘अवनिल्लाह’च्या लांबीच्या दिशेने गोळे घातले आणि मग स्प्रिंग आवळून ‘निझामिये’ला गाठलं. ‘पारिझ’चं काम पाहून नाखिमोवला तिला शाबासकीचा इशारा द्यायचा होता, पण ‘मारिया’वर निशाण चढवायला एक दोरी शिल्लक नव्हती.

सगळं इतकं सुरळीत प्रत्येकाचं गेलं नाही. ‘त्री स्व्यातितेल्या’चा स्प्रिंग सुरुवातीलाच तुटला. जहाज वाऱ्याने फिरलं आणि पिछाडी किनाऱ्यावरच्या सहाव्या तोफखान्याकडे झाली. वर सांगितलेला नेमका तोच धोका. गोळा पिछाडीतून शिरला की अख्ख्या डेकच्या लांबीभर माणसं आणि तोफा झोडपत जातो, आणि उलट मारायला आपल्याकडे जेमतेम तोफा. शेजारच्या ‘रोस्तिस्लाव’ने हे पाहिलं आणि आपलं ठरलेलं लक्ष्य सोडून त्या तोफखान्यावर मारा वळवला. कोणी इशारा दिला नव्हता. नाखिमोवच्या हुकमाचं शेवटचं कलमच असं होतं की परिस्थिती बदलली तर आधीच्या सूचना जाणत्या कप्तानाला अडचणीच्याच ठरतील, तेव्हा प्रत्येकाने आपल्या बुद्धीने वागावं, पण कर्तव्य पार पाडावं. होडीतून नवा नांगर टाकून ‘त्री स्व्यातितेल्या’ पुन्हा शत्रूकडे कूस करून उभी केली गेली. स्प्रिंग धड असलेल्या आणि नसलेल्या जहाजाची स्थिती कशी वेगळी असते, ते या एका प्रसंगात दिसतं.

आता स्फोटक गोळ्यांकडे येऊ. फ्रेंच अधिकारी पेक्साँ यांनी १८२० च्या दशकात असे गोळे झाडणाऱ्या तोफा पुढे आणल्या. १८२४ मध्ये ‘पासिफिकातर’ या जुन्या जहाजावर त्यांची चाचणी झाली. भरीव गोळा ओकच्या फळ्यांतून गेला की भोक पडतं, पण लाकडाचे तंतू काही प्रमाणात परत मिटतात आणि जहाजावरचा सुतार लाकडी गुडदी ठोकून ते बुजवतो. पोकळ गोळा फळ्यांत रुतून फुटला तर भगदाडाच्या कडा फाटतात, गुडदी बसत नाही, आणि डांबर, दोर, शिडं यांना आग लागते. त्याची वात लाकडी नळीत असते आणि तोफेतल्या जाळाने पेटते. ती कधी विझते, कधी गोळा आदळून फुटण्याआधीच तुकडे होतो, कधी तोफेच्या नळीतच फुटतो. चार-पाचशे मीटरवर गोळा काही क्षणांत पोचतो, त्यामुळे रुतल्यावर वात जळायला वेळ मिळतो. सिनोपचं अंतर त्यासाठी सोयीचं होतं.

पण हिशेब करा. सहा जहाजांवर मिळून अशा ७६ तोफा, म्हणजे एका बाजूला ३८. त्या बाजूला एकूण तोफा तीनशेच्या वर. रशियनांनी त्या दिवशी १६ हजारांहून जास्त गोळे झाडले, त्यांतले बहुसंख्य जुन्याच तोफांचे. आणि स्फोटक गोळा एकतर्फी नव्हता. ‘रोस्तिस्लाव’वर एक येऊन फुटला, तोफ फोडली, डेक उखडलं, सुमारे चाळीस माणसं जखमी केली आणि पेटलेला पडदा दारूखान्याच्या तोंडाशी आला. एका तरुण अधिकाऱ्याने दार बंद करून आग विझवली म्हणून जहाज वाचलं. नाहीतर ‘रशियाचं एकही जहाज बुडालं नाही’ हे वाक्य आज कोणी लिहिलं नसतं.

बंदरात कोंडलेलं लाकडी आरमार जाळायला पेक्साँची तोफ लागत नाही, याचे दोन दाखले याच दोन सत्तांच्या इतिहासात आहेत. १७७० मध्ये चेस्माच्या छोट्या आखातात दाटीने उभं असलेलं तुर्की आरमार रशियनांनी पेटते गोळे आणि आगीची जहाजं सोडून एका रात्रीत जाळलं. सिनोपच्या ‘चेस्मा’चं नाव त्यावरूनच आलं. दुसरा दाखला २० ऑक्टोबर १८२७ च्या नवारिनोचा. ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन जहाजांनी तिथे आत शिरून नांगर टाकला, स्प्रिंगवर उभं राहून तुर्की-इजिप्ती आरमार मोडलं आणि स्वतःचं एकही जहाज गमावलं नाही. मारा मुख्यतः भरीव गोळ्यांचाच होता. आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट: तिथली ब्रिटिश ध्वजनौका ‘एशिया’ ही ८४ तोफांची नौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली, १८२४ मध्ये पाण्यात सोडलेली. त्याच दिवशी रशियन ‘अझोव’वर पावेल नाखिमोव लेफ्टनंट होते. सिनोपला लढाईच्या शेवटी रशियन आगबोटी घेऊन पोचलेले कोर्निलोवही त्याच जहाजावर होते. सिनोपला नाखिमोवने जे केलं ते सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

उस्मान पाशाला वाट होती का? होती, पण लढाईच्या आधी. २३ नोव्हेंबरला नाखिमोव सिनोपसमोर आले तेव्हा त्यांच्याकडे ८४ तोफांची तीनच मोठी जहाजं होती. १२० तोफांची तीन जहाजं घेऊन नोवोसिल्स्की २८ तारखेला पोचले. मधल्या पाच दिवसांत रात्री वारा पाहून पश्चिमेकडे सरकणं धोक्याचं असलं तरी अशक्य नव्हतं. काही जहाजं गेली असती, काही निसटली असती. पाशाने इस्तंबूलकडे मदत मागितली आणि थांबले. ब्रिटिश-फ्रेंच आरमार बॉस्फरसमध्येच होतं, तेव्हा ही आशा अगदीच वेडी म्हणता येत नाही.

थांबायचंच होतं तर दुसरा उपाय होता. नांगरलेल्या जहाजाची किनाऱ्याकडची कूस लढाईत रिकामी बसते. तिथल्या तोफा उतरवून किनाऱ्यावर मातीच्या बांधामागे बसवता आल्या असत्या. मातीत गोळा रुततो, आग लागत नाही. बंदराच्या तोंडावरच्या तोफखान्यांनी आत येणाऱ्या जहाजांना जास्त वेळ माऱ्यात धरलं असतं तर दोन रांगांचा फायदाही कमी झाला असता. यातलं काही केलं तरी पाशा जिंकले असते असं मला वाटत नाही, पण नाखिमोवला हा विजय बराच महाग पडला असता.

तीनच्या सुमारास मुख्य लढाई संपली. ‘ताइफ’ ही एकच आगबोट निसटली. फ्रिगेटना चुकवून आणि त्याच सुमारास पोचलेल्या कोर्निलोवच्या आगबोटींना मागे टाकून ती २ डिसेंबरला इस्तंबूलला पोचली. फ्रिगेट शिडांवर होती. वाऱ्याशी बांधलेल्या जहाजाने चाकाच्या आगबोटीला गाठणं दुरापास्तच. उरलेली सगळी तुर्की जहाजं गेली. सुमारे तीन हजार माणसं मेली, उस्मान पाशा पाय मोडलेल्या अवस्थेत कैद झाले. जळते अवशेष वाऱ्याने गावावर पडून तुर्की वस्तीही जळली. रशियनांचे ३७ मेले, दोनशे तीसच्या वर जखमी झाले.

‘रशियाला काहीच झालं नाही’ हे मात्र खरं नाही. त्याच वर्षी पाण्यात उतरलेल्या ‘मारिया’ला साठेक भोकं पडली होती, डोलकाठ्या निकामी झाल्या होत्या. तिला ओढत सेवास्तोपोलला न्यावं लागलं आणि नाखिमोवना आपलं निशाण ‘कोन्स्तान्तिन’वर हलवावं लागलं. त्या परतीच्या वाटेवर ब्रिटिश-फ्रेंच आरमार आडवं आलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न रशियन अधिकाऱ्यांनाही पडला असणार. ते आरमार जानेवारी १८५४ मध्ये काळ्या समुद्रात शिरलं आणि मार्चमध्ये दोन्ही देशांनी रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं.

स्वतः खोलात वाचणार असाल तर दोन ठिकाणी घोळ होतो. जुन्या रशियन पंचांगामुळे लढाईची तारीख १८ नोव्हेंबर दिसते, नव्या पंचांगाने ती ३० होते. एकाच लेखात दोन्ही मिसळल्या असतील तर नोवोसिल्स्की लढाईनंतर पोचले असा भास होतो. दुसरं, ‘७२० विरुद्ध ५००’ अशा तोफांच्या बेरजा. त्यात बाहेर राहिलेली दोन फ्रिगेट धरलेली असतात, आणि नांगरलेल्या जहाजाच्या दोन्ही कुशी मोजलेल्या असतात. प्रत्यक्ष मारा करणाऱ्या तोफा हव्या असतील तर सहा रशियन जहाजांच्या ६१२ तोफांतल्या निम्म्या धरा, तुर्की जहाजांच्याही निम्म्या, आणि किनाऱ्यावरच्या तोफखान्यांपैकी ज्यांचा पल्ला त्या जागेपर्यंत पोचत होता तेवढेच.